मोडाच्या गव्हाचा धागा

एप्रिल लागला की आमच्या संगमनेरच्या गल्लीत एक आंबूस वास सुटतो. कुणाच्या तरी मोरीत पातेलंभर गहू तीन दिवस भिजत असतो. कुणाच्या गच्चीवर जुन्या लुगड्यावर कुरडया वाळत असतात आणि काठी घेऊन एखादी म्हातारी कावळ्यांना शिव्या देत असते. मी स्वतः कुरडया करत नाही. मागच्या आळीतल्या दोघी जावा करून देतात, मी विकत घेते, आणि त्याची मला अजिबात लाज वाटत नाही. पण वास काही विकत आणावा लागत नाही. तो खिडकीतून आपोआप येतो.

त्या वासाने बायकांना माहेर आठवतं म्हणतात. मला आधी प्रयोगशाळा आठवते, आणि तिच्या मागून माहेर येतं.

बहात्तरच्या दुष्काळाच्या आधीचा तो उन्हाळा. राहुरीजवळ माळावर विद्यापीठाच्या इमारती नुकत्याच उभ्या राहत होत्या. भिंतींना ओल्या चुन्याचा वास, रस्त्यांवर खडी, आणि झाडं म्हणावीत तर गुडघ्याएवढी. आमच्या एम.एस्सी.च्या वर्गात आम्ही सहाजण होतो, त्यात मुलगी मी एकटी. प्रयोगशाळेत लाकडी टेबलं होती, त्यांच्यावरचं पॉलिश अजून हाताला चिकटायचं. खिडक्यांना पडदे नव्हते. दुपारी बारानंतर पश्चिमेकडून असा वारा यायचा की टेबलावरचे गाळणकागद उडून थेट मक्याच्या प्लॉटात जायचे, आणि आमच्यातलं कुणीतरी त्यांच्या मागे धावायचं.

वाघचौरे सर आम्हाला न्यूक्लिइक आम्लं शिकवायचे. बारीक अंगाचे, पांढरा हाफ शर्ट, खिशात दोन पेनं. पुस्तकं इंग्रजीत, शिकवणं निम्मं मराठीत. पेशीच्या गाभ्यात एक लांबलचक धागा असतो, त्यावर चारच अक्षरांत सगळं लिहिलेलं असतं, गव्हाचा गहू आणि माणसाचा माणूस त्याच्यामुळे होतो, हे ते अगदी सपाट आवाजात सांगायचे, बसचं वेळापत्रक सांगावं तसं. त्यामुळेच आम्हाला ते खरं वाटायचं. परदेशातली मासिकं बोटीने यायची, पाच-सहा महिने शिळी. एकदा सर तसंच एक मासिक हातात घेऊन वर्गात आले आणि म्हणाले, "या धाग्याला नेमक्या जागी कापणारं द्रव्य सापडलंय. जिवाणूंच्या पोटात. जोडणारं आधीच सापडलं होतं. म्हणजे कात्री आहे, डिंक आहे. आता पहिला उद्योग कोण करतो ते बघायचं."

"सर, मग उसाला भुईमूग जोडायचा," मागून जगताप म्हणाला. "वरून रस, खालून शेंगा."

सगळे हसले. सरही हसले, पण लगेच म्हणाले, "हसा. पण आज एक चांगला गुण एका वाणातून दुसऱ्यात आणायला आपली आठ-दहा वर्षं जातात. आणि त्या गुणाबरोबर नको ते दहा गुण चिकटून येतात. नेमका तेवढाच तुकडा उचलता आला तर?"

त्या "तर" वर तास संपला. बाहेर आलो तर सगळीकडे ऊन, आणि सहाही जण त्या उन्हातच उभे राहिलो. असं फार वेळा होत नाही.

राहायला मी गावात रूथबाईंकडे होते. मुलींचं वसतिगृह तेव्हा नव्हतंच. रूथबाई मिशनच्या शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका, एकट्या राहायच्या. घर दोन खोल्यांचं, पण इतकं स्वच्छ की मी पहिले आठ दिवस पाय पुसूनही पायरीवरच थांबायचे. परीक्षा जवळ आली तेव्हा त्यांनी मला सांगितलं, "हे बघ सुमन, प्रार्थना मी करते, अभ्यास तू कर. एकमेकींच्या कामात लुडबुड करायची नाही." ही वाटणी आम्ही दोघींनी शेवटपर्यंत पाळली.

आता मुख्य गोष्ट. तो धागा आम्हाला काढायचा होता. पुस्तकातला नाही, खरा, डोळ्यांनी दिसणारा.

कृती सांगायला सोपी आहे. गहू मोड आणून घ्यायचा. वाटायचा. साबणासारखं एक द्रव्य आणि मिठाचं पाणी घालायचं, म्हणजे पेशी फुटून आतलं सगळं बाहेर येतं. त्यात क्लोरोफॉर्म घालून हलवायचं, म्हणजे नको असलेली प्रथिनं खाली बसतात. वरचं निवळ पाणी अलगद दुसऱ्या बीकरमध्ये काढायचं. त्यावर बर्फात गार केलेलं अल्कोहोल कडेने सोडायचं. दोन थर जिथे भेटतात तिथे पांढरे तंतू उमटतात आणि काचेची कांडी फिरवली की ते तिच्याभोवती गुंडाळले जातात. सरांनी करून दाखवलं तेव्हा कांडीला ओल्या कापसासारखं काहीतरी लोंबत होतं. जगतापही टेबलावर वाकून बघत होता.

माझ्या कांडीला काही लागलंच नाही. बीकरच्या तळाशी नुसता पांढरा चुरा, तांदळाच्या कण्यांसारखा. पहिल्यांदा झालं तेव्हा वाटलं, बर्फ वितळला असेल. नगरहून येणारी लादी भुशात घालून, गोणपाटात गुंडाळलेली असायची आणि आमच्यापर्यंत पोचेपर्यंत निम्मी व्हायची. दुसऱ्यांदा मी बर्फ आधी येऊन ताब्यात घेतला. पुन्हा चुरा. तिसऱ्यांदा गहू दुसरा घेतला. पुन्हा चुरा.

आणि गंमत अशी की वस्तू तीच होती. त्या चुऱ्यावर रसायन टाकून उकळत्या पाण्यात नळी धरली की झकास निळा रंग यायचा, धुतल्या कपड्यांना घालायच्या निळीसारखा. म्हणजे जे काढायचं ते निघत होतं. फक्त धागा नव्हता.

वाटण्यात तर मी कुणाला हार जाणारी नव्हते. प्रयोगशाळेतला मिक्सर विजेच्या मर्जीवर चालायचा, त्यामुळे मी चिनी मातीचा खल घेऊन बसायचे. सोनईला आमच्या घरी बारा-पंधरा माणसांची चटणी पाट्यावर मीच वाटायचे. वरवंटा हातात आला की गंधासारखं होईपर्यंत थांबायचं नाही, हे अंगात मुरलेलं. खलातला गहू मी असा घोटायचे की बोटाला कण लागू नये. क्लोरोफॉर्मची बाटलीही अशी हलवायचे की ताकाला लोणी आलं असतं.

"सुमनबाई, चटणीला मीठ कमी पडलंय," जगताप पलीकडच्या टेबलावरून म्हणायचा.

"तुला वाढताना जास्त घालीन," मी म्हणायचे. पण आतून मी घाबरले होते.

घाबरण्याचं कारण होतं. सरांना पुढच्या वर्षासाठी प्रयोगशाळेत एक मदतनीस घ्यायचा होता. त्यांनी वर्गात स्वच्छ सांगितलं होतं, "प्रॅक्टिकलला ज्याच्या हाताला धागा येईल, त्याला घेणार. मार्कलिस्ट मी बघणार नाही." आणि घरी तात्यांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला पाठवतानाच सांगितलं होतं, "दोन वर्सं शीक. तिसरं मागू नको." त्यात मला तेव्हाही अन्याय वाटला नव्हता आणि आजही वाटत नाही. घरात कामाची माणसं मोजकी, कांद्याचं रान मोठं, आणि माझ्या वाट्याचं काम दोन वर्षं आई करत होती. ते तिसऱ्या वर्षी कुणी करायचं, हा प्रश्न खराच होता. धागा आला, जागा मिळाली, तर तात्यांपुढे बसून बोलायला माझ्या हातात काहीतरी असणार होतं. नाही आला, तर जूनपासून मी सोनईत, कांद्याच्या रोपात.

आता मी कॉलेजात शिकवते आणि दरवर्षी हा प्रयोग करून घेते. आता मिक्सर घरोघरी आहे, बर्फ फ्रीजमध्ये आहे, कापायची द्रव्यं छोट्या कुपीत बंद होऊन टपालाने येतात. आमच्या भागातले शेतकरी नळीत वाढवलेली केळीची रोपं मोजून घेतात, त्यांच्या मुळांवर माती कमी का आहे म्हणून विक्रेत्याशी भांडतात. मागच्या महिन्यात एकाने मला विचारलं, "बाई, ह्या रोपाला आई कोनती?" मी म्हटलं, "बोटभर तुकडा." तो म्हणाला, "मग बरंय, सासुरवास न्हाई." अशी माणसं भेटली की शिकवण्याचा शीण जातो.

तर परीक्षेआधी पंधरा दिवस सुट्टी होती. अभ्यासाला म्हणून घरी गेले. घरी अभ्यासाला जागा असते असं ज्याने ठरवलं असेल त्याने वाळवणाच्या दिवसात सोनईला येऊन बघावं. मी एसटीतून उतरून घरी पोचले तर आईने हातातली पिशवी घेतली, पुस्तकं खुंटीला लावली आणि माझ्या हातात चिकाचं पातेलं दिलं.

"वरचं पानी काढ. आन् हालवू नको, न्हाई तर समदं पुन्हा एक व्हईल."

भिजवून वाटलेल्या गव्हाचा चीक रात्रभर तळाशी बसलेला असतो आणि वर पिवळसर पाणी राहतं. ते तिरपं करून सावकाश ओतायचं. मी ओतत होते आणि मनात म्हणत होते, हेच तर मी तिथे करते. इथे जमतं, तिथे का जमत नाही?

मग चूल, मोठं पातेलं, आणि चीक शिजायला लागल्यावर येणारा तो जड, गोडसर वास. चीक हाटायला दोघी लागतात. एकीने पातेलं धरायचं, दुसरीने लाकडी दांडक्याने गोल फिरवायचं. आईच्या दंडावरून घाम कोपरापर्यंत यायचा आणि तिथून ती तो पदराने पुसायची, फिरवणं न थांबवता. पहिला वाटीभर चीक दूध-साखर घालून मला मिळायचा. बी.एस्सी. झाले तरी मिळायचा. त्या उन्हाळ्यातही मिळाला.

शेवया आई पाटावर करायची. तिरपा पाट, तेलाचा हात, रव्याची कणीक. बोटांच्या चिमटीतून कणीक खाली सुटत जायची आणि सुताएवढी बारीक, हात-दीड हात लांब तार उतरायची. आई ओढायची नाही. तिचे हात हलतात की नाही हे समजायचं नाही. उतरलेल्या शेवया आडव्या काठीवर टाकायच्या आणि माजघरात सावलीत वाळवायच्या. दारातून वारा आला की सगळी काठी मिळून हलायची.

पाचव्या दिवशी वाळलेल्या शेवया डब्यात भरायचं काम माझ्याकडे आलं. डबा एकच, शेवया जास्त. मी भरत होते आणि डोक्यात तोच चुरा. बर्फ बदलला, गहू बदलला. मग काय राहिलं? हाताने मी शेवया दाबत होते, अजून थोड्या मावाव्यात म्हणून मुठीने चेपत होते.

आई चुलीपुढून ओरडली, "आगं ये भवाने! भरतीस का कुटतीस? मी हातभर लांब काढायची आन् तू तिचा रवा करून ठिवायचा व्हय?"

मी डब्यात बघितलं. बोटभर तुकडे. खाली नुसता चुरा.

मी मूठ तशीच धरून बसले. आईला वाटलं मला राग आला. ती जरा खालच्या आवाजात म्हणाली, "आता हात काढ त्यातनं. तुझ्या हाताला लई जोर हाय. जोर हितं लागत न्हाई."

आईला न्यूक्लिइक आम्ल कळत होतं असं मी म्हणणार नाही. ललित लिहिणाऱ्यांना तो मोह होतो. तिला शेवया कळत होत्या, आणि माझा धसमुसळा हात कळत होता. बाकीचं मला कळायला हवं होतं. पेशीतला तो धागा केसाहून कितीतरी बारीक आणि वेड्यासारखा लांब. मी तो घोटत होते, ताकासारखा घुसळत होते, आणि मग कांडी घेऊन लांब तारा शोधत होते. निळा रंग येत होता कारण चुरा झाला तरी शेवई शेवईच असते. घरात ज्या गुणाचं दोन पिढ्यांनी कौतुक केलं, तोच माझा तिथला अवगुण होता. बारीक वाटणारी पोरगी!

दुसऱ्या दिवशी मी पुस्तकं खुंटीवरून काढली आणि परत राहुरीला निघाले. तात्या म्हणाले, "आठ दिवस हायेत की अजून." मी म्हटलं, "रूथबाईंकडे गहू भिजवायचाय."  गहू भिजवायला राहुरीला जाणारी मुलगी तात्यांनी पहिल्यांदाच बघितली असणार.

परीक्षेच्या दिवशी सकाळपासून झळा होत्या. बाहेरगावचे परीक्षक आले होते, जाड चष्मा, अंगात कोट, एप्रिलमध्ये कोट. वीज होती, त्यामुळे मिक्सर चालू होता आणि पाचही जण त्याच्यापुढे रांगेत उभे होते. एकेकाचा मिक्सर पुरता दोन-तीन मिनिटं घरघरत होता. मी मोडाचा गहू खलात घेतला, गार मिठाचं पाणी घातलं आणि बत्ता नुसता टेकवून दहा-बारा वेळा फिरवला. गहू फुटला, भरड झाला. मी थांबले.

थांबणं किती अवघड होतं ते सांगता येत नाही. मनगट आपोआप पुढे जात होतं. मी डाव्या हाताने उजवं मनगट धरलं.

परीक्षक माझ्या टेबलापाशी आले. खलात वाकून बघितलं.

"हे काय? अख्खे दाणे दिसतायत. अजून वाटा."

सर मागे उभे होते. त्यांनी नुसतं माझ्याकडे बघितलं. परीक्षक सांगतायत म्हटल्यावर वाटणं हेच शहाणपण होतं. दोन फेरे दिले असते तर ते खूष होऊन पुढे गेले असते.

"नको सर," मी म्हटलं. "वाटलं तर तुटेल."

"कोण म्हणतं?"

"मी तीनदा तोडलाय."

त्यांनी पुन्हा एकदा खलात बघितलं. मग म्हणाले, "ठीक आहे. मार्क तुमचे आहेत." आणि पुढच्या टेबलाकडे गेले.

त्यानंतरचं सगळं मी पाळण्यातलं मूल हलवावं तसं केलं. बाटली हलवली नाही, आडवी-उभी करत राहिले. वरचं पाणी चिकाच्या पातेल्यातलं काढावं तसं काढलं. हात इतका वेळ घेत होता की जगतापने मिक्सरमधलं काढून, गाळून, ओतून, चुरा बघून डोक्याला हातही लावला होता. मी गार अल्कोहोल बीकरच्या कडेने सोडलं. एक थर खाली, एक वर. मध्ये काहीच नाही. मी थांबले. मग दोन थरांच्या मध्ये धुकं आल्यासारखं झालं. त्या धुक्यातून एक पांढरा तंतू वर सुटला, मग दुसरा, मग बघता बघता जुडी. मी कांडी घातली आणि फिरवली. लागला. फिरवत गेले तसा येत गेला. कांडी वर उचलली तेव्हा खाली वीतभर लोंबत होता, ओला, चकचकीत, तुटत नव्हता.

"सुमनबाई, शेवया झाल्या की," जगताप हळूच म्हणाला. या वेळी तो चिडवत नव्हता.

परीक्षक परत आले. त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. कांडी माझ्या हातातून घेतली नाही, मला तशीच धरायला लावून आजूबाजूने फिरून बघितली. मग सरांना म्हणाले, "त्या मिक्सरचा वेळ कमी करा हो तुमच्या."  कागदावर काय लिहिलं ते मला निकालाच्या दिवशी समजलं. पण सरांनी त्याच संध्याकाळी सांगितलं, "जूनच्या एक तारखेला ये. आणि इतरांना शिकव, कसं वाटायचं नाही ते."

रूथबाईंना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "माझा भाग मी केला होता." एवढंच.

धागा मी छोट्या बाटलीत, स्पिरिटमध्ये, सरांना विचारून घरी नेला. तात्यांपुढे ठेवायला माझ्याकडे दुसरं काही नव्हतंच. दुपारची वेळ होती. तात्या ओट्यावर बसले होते, आई सुपात काहीतरी पाखडत होती. मी बाटली त्यांच्या हातात दिली.

त्यांनी बूच काढून आधी वास घेतला. "आगं, ही तर दारू!"

"एसटीत आनलीस का ही?" आई म्हणाली. "कंडक्टर मास्तरनं पकडली असती म्हंजी?"

"दारू नाही. त्यात बघा ना, पांढरं दिसतंय ते. तो गहू आहे. गव्हाच्या आतलं सगळं त्याच्यात लिहिलेलं असतं. उंची किती, दाणा केवढा, ओंबी कशी."

आईने सूप बाजूला ठेवून बघितलं. "येवढ्यासाठी दोन वर्सं?" म्हणाली आणि पुन्हा पाखडायला लागली.

तात्यांनी बाटली उन्हात धरली. बराच वेळ धरली. आतला धागा सावकाश फिरत होता. त्या वर्षी आमच्या गव्हावर तांबेरा पडून निम्मं रान गेलं होतं, कापणीला माणसांचे हात तांबडे झाले होते.

"तांबेरा यील का न्हाई, ते बी लिवलंय ह्याच्यात?"

"असणार."

"कुठं?"

"ते अजून कुणाला वाचता येत नाही. जगात कुणालाच नाही. सर आता तेच काम सुरू करतायत. मला बोलावलंय, एक जूनपासून." मी एका दमात म्हटलं. "तुम्ही तिसरं वर्ष मागू नको म्हटलं होतं."

तात्यांनी बाटलीचं बूच घट्ट बसवलं. मग आईकडे बघितलं. आईने सूप हलवायचं थांबवलं नव्हतं, पण मान थोडी हलली. तिच्या कामाचा प्रश्न होता, उत्तर तिनेच द्यायचं होतं.

"रोप लावायला मी सरूला बोलवीन," ती म्हणाली. सरू म्हणजे माझी मावसबहीण, शेजारच्याच वस्तीवर राहायची. "तिच्या हाताला जोर बी बेताचा हाय."

तात्यांनी बाटली मला परत दिली, दोन्ही हातांनी, भरलेला दिवा द्यावा तशी.

"मग वाचायला शीक," ते म्हणाले. "किती वर्सं लागतील ती लागू दे. पन आदी तांबेऱ्याचं पान काढ."